नाव झाकलेलं बरं की पुसलेलं?

वैद्यकीय संशोधनात तुमचं नाव दोन प्रकारे बाजूला ठेवतात: सांकेतिक क्रमांकामागे झाकून किंवा कायमचं पुसून. संमतीपत्रावर सही करताना यातलं नेमकं काय होणार, हे विचारायचं बहुतेकांना सुचतच नाही.

झाकण्याच्या पद्धतीत रक्ताच्या नळीवर आणि फॉर्मवर फक्त क्रमांक असतो. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी वेगळी, कुलूपबंद. औषधाच्या चाचणीला हेच लागतं. कुणाला त्रास झाला तर शोधून बोलवायला हवं ना! माघारही घेता येते, अर्थात जुनी माहिती कितपत काढतील ते संमतीपत्रात बघावं. धोका यादी फुटण्याचा.

पुसलेल्या माहितीत ती यादीच नसते. ऐकायला छान. पण नंतर तुमची नोंद वेगळी काढता येत नाही, आणि तपासणीत काही गंभीर सापडलं तरी कळवणार कुणाला? बरं, पुसलेलं पुसलेलंच राहतं असंही नाही. १९९७च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या अभ्यासक लटान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘निनावी’ आरोग्यनोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हाती लागली! आपल्याकडे दुर्मिळ आजार, वय आणि छोट्या गावाचं नाव एवढं दिलं, तर पारावरची मंडळीच माणूस ओळखतील.

एकदाच भरायची प्रश्नावली असेल तर पुसलेलं चालेल. वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास असेल तर मी क्रमांकच निवडेन; यादी कुणाकडे आणि किती वर्षं राहणार, हे मात्र सहीआधी विचारून.