शुगर पेस्ट: सांगलीच्या हवेत आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या डिसेंबरात मी केकच्या सजावटीसाठी तयार शुगर पेस्टचा (केकवर पसरायची व फुले वळायची साखरेची मऊ कणीक) एक किलोचा डबा पहिल्यांदा आणला. त्यानंतरची थंडी, उन्हाळा आणि सध्याचा पाऊस असे तिन्ही ऋतू पाहून झाल्यामुळे आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

पेस्ट कणकेसारखीच मळून घ्यावी लागते. मात्र पीठ म्हणून कॉर्नफ्लोअर सढळ हाताने वापरल्यास ती कोरडी पडते आणि लाटताना कडांना भेगा जातात. थंडीत मला हा त्रास बराच झाला. हाताला किंचित वनस्पती तूप लावून आणि पेस्टमध्ये ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब मिसळून मळल्यावर तो थांबला. नुसत्या पेस्टची पाकळी वळवली तरी काही वेळात खाली बसते, म्हणून फुलांसाठी पाव किलोला एक छोटा चमचा सीएमसी पावडर (पेस्टला ताठपणा देणारी खाद्य डिंकासारखी पूड) घालून गोळा रात्रभर झाकून ठेवते. 'अधिक घातली तर अधिक टिकेल' या समजुतीने एकदा दुप्पट घातली आणि पाकळ्या वळवतानाच चिरल्या.

खरी कसोटी जुलैत लागली. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात कृष्णाकाठी ओलाव्याला तोटा नसतो. बारशाच्या एका केकसाठी केलेली गुलाबाची फुले दोन दिवस होऊनही सुकेनात, म्हणून मी ती फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढताच त्यांच्यावर पाण्याचे थेंब जमले आणि लाल रंग ओघळून पांढऱ्या पेस्टवर उतरला. हा दोष पेस्टचा नव्हता, माझ्या घाईचा होता. आता फुले पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या बंद पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवते आणि केक द्यायच्या वेळीच वर लावते.

केकवर पेस्टची पोळी पसरायची असल्यास खाली व्हिप्ड क्रीम ठेवू नये, कारण क्रीममधील पाण्याने ती विरघळू लागते. त्याऐवजी दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम यांचे घट्ट गनाश लावावे. गडद लाल व काळा रंग घरी मळण्याच्या फंदात मी आता पडत नाही. जेल रंग इतका लागतो की गोळा चिकट होतो, त्यामुळे हे दोन रंग तयारच विकत घेते.

घेताना वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत. काही पेस्टमध्ये प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते आणि आपल्याकडच्या अनेक घरांत ते चालत नाही. माझा तिसरा डबा उघडला तेव्हा वरचा थर वाळून खडे झालेला निघाला आणि दुकानदाराने तो बदलून देण्यास नकार दिला, हेही नमूद करते.

चवीबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. हलव्याचे दागिने लहान मुले जशी कौतुकाने मोडून खातात, तशीच ही फुलेही खातात, पण मोठी माणसे पोळी सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. म्हणून मी ती तीन मिलिमीटरहून जाड लाटत नाही. येत्या गणपतीसाठी मागणी आलेली जास्वंदीची फुले या आठवड्यातच करून वाळत घातली आहेत.