जुन्या वाड्याचं सागवान म्हणून घेतलेल्या सहा फळ्या

वडील गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर पडून होती. चोवीस वर्षांनी, यंदा मार्चमध्ये, मी ती खाली काढली. रंध्याचं पातं गंजलेलं, पटाश्या बोथट. आठ दिवस दगडावर घासल्यावर धार आली. पहिलं काम ठरवलं बंगईचं, म्हणजे घरातल्या झोपाळ्याचं, कारण वडिलांच्या हाताखाली शेवटी केली होती तीही बंगईच.

मोबाईलवर जाहिरात दिसली : नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडला, शंभर वर्षांचं सीपी सागवान. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, आपलं चंद्रपूर-आलापल्लीकडचं लाकूड. नागपूरकराला आणखी काही सांगावं लागत नाही. शहराबाहेरच्या शेडमध्ये गेले तर काळपट फळ्या, त्यांत खिळ्यांची भोकं. मी पिशवीतून छोटा रंधा काढला. विकणारा म्हणाला, "ताई, माल खराब होते तुमचा. घरी नेऊन मारा ना आरामात." तिथेच मी परत फिरायला हवं होतं. पण हात इतके शिवशिवत होते की मी गप्प बसले.

सहा फळ्या, प्रत्येकी 7 फूट लांब, 8 इंच रुंद, दीड इंच जाड. लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत धरून गुणाकार करायचा, 144 ने भागायचं. साडेतीन घनफूट झाले. 4,500 च्या भावाने 15,750 रुपये फोनवरून पाठवले. पावती "उद्या पाठवतो" म्हणाला.

घरी रंधा फिरवला. दुसऱ्याच हाताला काळेपणा गेला आणि खाली पांढुरकं लाकूड निघालं. झाडाच्या सालीलगतचा कच्चा भाग, वरून रंग फासलेला. सागाचा टिकाऊपणा आतल्या गाभ्यात असतो. या पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगे सोडत नाहीत. भोकंही खोटी. लोखंडी खिळा सागात वर्षानुवर्षं राहिला की भोवतालचं लाकूड निळसर-काळं पडतं. इथे भोकं आतून स्वच्छ होती, नुकतीच पाडलेली. सागाचा तो चामड्यासारखा वास नाही, रंध्याच्या ढलप्यांना तेलकटपणा नाही. पट्टी लावली तर जाडी सव्वा इंच. म्हणजे 2,625 रुपये नुसत्या मापातच गेले.

आणि लाकूड ओलं. मे महिन्याच्या उन्हाने दहा दिवसांत टोकं फाटली, दोन फळ्या पिळल्या. माझी नात त्या बंगईवर बसणार होती. कड्यापाशी लाकूड फाटलं असतं तर, हा विचार अजून झोपू देत नाही.

विकणाऱ्याचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार केली. पण पावती नाही, दुकानाचं नाव नाही. हातात फक्त पैसे पाठवल्याची नोंद. कोणी जुनं सागवान दाखवलं तर टोकाचा बोटभर तुकडा त्याच्यासमोर कापून आत बघा, भोकात टॉर्च मारा, जाडी स्वतः मोजा, आणि पक्कं बिल हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.

शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना घेऊन परवा लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, गेले. पहिल्या दुकानदाराने रंधा मारू दिला नाही, आम्ही उठलो. दुसऱ्याने स्वतःच फळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मारा."