हळदीच्या फोटोंना हळदीचा रंग देणारी लॅब

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो, तीस वर्षं झाली. हळकुंड मोडायचं, आतली झाक बघायची आणि मग भाव बोलायचा, हे रोजचं काम. धाकट्या लेकीच्या लग्नाचे, हळदीसकट, फोटो एका ठिकाणी छापून घेतले, २१० फोटो, ४ बाय ६ चे, आणि त्यातली हळद राखेसारखी निघाली. लेकीचा चेहरा निळसर, हिरवा चुडा काळपट. मला ते बघवेना. तिथे विचारलं तर "फाइलच तशी आहे" एवढंच उत्तर मिळालं.

भाचीने गावभागातल्या या लॅबचा पत्ता दिला. बोळ अरुंद, पाटी लहान, दुकान पहिल्या मजल्यावर. एक ताई एकट्या चालवतात. त्यांनी माझी बिघडलेली प्रिंट घेतली ती थेट गॅलरीत, दिवसाच्या उजेडात. आम्हीही हळद ट्यूबखाली कधी बघत नाही, त्यामुळे तिथेच माझा विश्वास बसला.

"काका, हे मशीन ऑटोवर टाकून छापलेत," त्या म्हणाल्या. मग नीट समजावून सांगितलं. फोटोतले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग यावा, असं मशीन धरून चालतं. बहुतेक फोटोंना ते लागूही पडतं. पण आमच्या फोटोत मांडवाचं कापड पिवळं, झेंडू पिवळा, बायकांच्या साड्या पिवळ्या. मशीनला वाटलं, नको असलेली पिवळी झाक आली आहे, आणि त्याने ती काढली. छपाईत पिवळा कमी केला की निळा वर येतो, तो लेकीच्या गालावर आला. हिरव्यागार उसात उभं राहून काढलेल्या फोटोत चेहरे जांभळट का येतात, तेही मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या कामाची खोली करड्या रंगाची आहे, खिडकीला जाड पडदा. मॉनिटरवर एक छोटं यंत्र अडकवून महिन्यातून एकदा त्याचे रंग जुळवून घेतात. उजेड १०० कँडेलाच्या (कँडेला म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवलेला, त्यामुळे आपल्याला तो मॉनिटर मंद वाटतो. माझ्या फोनवर तोच फोटो झळझळत होता. त्यावर त्या म्हणाल्या, फोन आतून पेटलेला असतो, कागदावर बाहेरचा उजेड पडेल तेवढाच तो दिसतो. फोनवर बघून ठरवलं की छापील फोटो अंधारा येणारच.

पहिला आधार घेतला माझ्या थोरल्या भावाच्या पांढऱ्या टोपीचा. ती पांढरी दिसेपर्यंत झाक काढत गेल्या, आणि मग थोडी परत घातली. का, म्हणून विचारलं. पिवळ्या मांडवाखालची टोपी अगदी पांढरी केली तर मांडवातलं ऊनच निघून जाईल, म्हणाल्या. हे मला फार पटलं.

खरी अडचण हळदीच्या लेपाची होती. फोटोतला रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत, शून्य ते २५५, मांडलेला असतो; त्यात लाल २५५ वर जाऊन अडकलेला, निळा शून्यावर, म्हणून लेप म्हणजे नुसता सपाट डाग. बोटांच्या रेघा हिरव्याच्या आकड्यांत (चॅनेलमध्ये) तेवढ्या शिल्लक होत्या. कागदाला इतका भडक पिवळा झेपत नाही, म्हणून त्यांनी फक्त पिवळ्याचा भडकपणा थोडा उतरवला आणि आजीची चार बोटं लेकीच्या गालावर उमटलेली दिसायला लागली. रंग कमी करून जास्त दिसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फोटोग्राफरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइली ॲडोब आरजीबीत, म्हणजे रंग मांडायच्या एका वेगळ्या पद्धतीत होत्या. त्या एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत न बदलता छापल्या की मरगळतात, तेही त्यांनीच शोधून काढलं.

सगळं छापण्याआधी एकाच फोटोच्या तीन चाचण्या काढल्या आणि मला गॅलरीत बोलावलं. पहिली लालसर होती, तिसरी लिंबाकडे झुकलेली. मी मधली उचलली. घरी त्या दिवशी आमच्याच पेढीवरची राजापुरी हळद कुटली होती, तिची झाक मला पाठ आहे. त्या चाचणीवर ताईंनी पेन्सिलीने खूण केली आणि बाकीचे फोटो तिच्याशी ताडून बघत गेल्या, एकेक.

संगीताच्या रात्रीचे नऊ फोटो मात्र त्यांनी सरळ परत केले. जांभळ्या एलईडीत चेहऱ्यावर निळ्याशिवाय काही उरलेलंच नव्हतं, कातडीचा रंग आणायचा कुठून? कृष्णधवल करा, म्हणाल्या. बायकोला आधी वाईट वाटलं, पण त्यातले चार आता अल्बममध्ये आहेत.

तक्रार आहे ती वेळेची. गुरुवारचा वायदा होता, फोटो शनिवारी संध्याकाळी मिळाले, आणि मधे फोन उचलला नाही. पाहुणे गावाला परतायचे होते, त्यांच्या प्रती मला कुरियरने पाठवाव्या लागल्या. एकटीने काम करणाऱ्या माणसाने तारीखच दोन दिवस पुढची द्यावी. दर नुसत्या छपाईला १२ रुपये, हाताने रंग दुरुस्त करून २५. मी सगळे न देता हळदीचे आणि मांडवातले मिळून ८६ फोटो दुरुस्तीला दिले, बाकीचे मूळचेच ठीक होते. ताईंनी स्वतःच ते वेगळे काढून दिले, माझा खर्च वाचवला.

जाताना मूळ फाइली पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो नेऊ नका. गाडी खाली लागत नाही. आजीच्या बोटांचा तो फोटो आता १२ बाय १८ मध्ये करायला टाकला आहे. मंगळवारी चाचणी बघायला जायचंय, सकाळीच, गॅलरीत ऊन यायच्या आत.