ताडोबा, काबिनी, दांडेली की मसाई मारा: कोकणातल्या नव्या जोडप्याने सफारी कॅम्प कसा निवडावा

हनीमूनसाठी सफारी कॅम्प शोधताना बहुतेक जोडपी खोलीच्या फोटोंपासून सुरुवात करतात. तंबूपुढे ओटा आहे का, बाथटब आहे का, पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम काढून देतात का. क्रम उलटा हवा. आधी लग्नाचा महिना, त्यावरून जंगल, मग त्या जंगलाचं गेट, मग सफारीची जागा, आणि सगळ्यात शेवटी खोली. खोल्या शंभर मिळतात. गेटवरची जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, मिळाली नाही, तर तोच कॅम्प म्हणजे आडरानातलं महागडं लॉज.

इथे चारच पर्याय घेतले आहेत: ताडोबा, कर्नाटकातली काबिनी आणि दांडेली, आणि केनियातलं मसाई मारा. चिपळूणच्या पाठीवर कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आहे, मग तो का नाही? तिथलं जंगल घनदाट आहे आणि वाघ अगदीच मोजके. फिरायला सुरेख जागा, पण वाघ दिसेल या आशेने तिथे हनीमून ठरवू नये.

मुहूर्त कधीचा आहे?

कोकणातली लग्नं दोन हंगामांत पडतात. तुळशीचं लग्न लागल्यावर पौष सुरू होईपर्यंतचा एक, आणि माघापासून मेअखेरपर्यंतचा दुसरा. त्यातही मे महिना भरलेला, कारण चाकरमानी तेव्हाच गावात असतात.

मे महिन्यात ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. साग आणि बांबूचं पानगळीचं रान. उन्हाळ्यात झाडी उघडी पडते, नाले आटतात, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर जनावरांना यावंच लागतं. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकतो. आपल्याकडच्या उकाड्याची सवय तिथे कामाची नाही. कोरड्या हवेत घाम आल्याआल्या सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी जातंय हे कळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून खोलीत पडावं लागतं. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं प्रत्येक फेरीला जिप्सीत हवीत.

डिसेंबरचं लग्न असेल तर ताडोबात गवत उंच, पाणी सगळीकडे आणि पहाटे उघड्या जिप्सीत बोचरी थंडी. कोकणातल्या कपाटात असतो तसला पातळ स्वेटर तिथे पुरत नाही. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट लागतं. काबिनी या काळात सुखाचं. मारातला डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळही चांगला, तेव्हा पाऊस कमी असतो आणि सिंह-चित्ते तर वर्षभर तिथेच असतात. एप्रिल-मेमध्ये मात्र तिथे मोठा पाऊस पडतो, काही कॅम्प बंदच ठेवतात. त्या दिवसांतलं मारा पॅकेज स्वस्त दिसलं, तर स्वस्ताईचं कारण हेच.

ताडोबा: गेट आधी, कॅम्प मागून

जाहिरातीत प्रत्येक कॅम्प ‘ताडोबात’च असतो. खरा प्रश्न कुठल्या गेटाजवळ हा. मोहर्ली गेट चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा आणि नवेगाव ही गेटं चिमूरच्या बाजूला. मोहर्लीत खोली आणि कोलाऱ्याचं परमिट अशी गाठ पडली, तर बाहेरून वळसा घालून जायला दोन तासांहून जास्त लागतात. सकाळच्या फेरीला मग पहाटे तीनलाच निघावं लागतं. म्हणून वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी परमिट घ्यावं आणि त्याच गेटापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत कॅम्प शोधावा.

गाभा क्षेत्राचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागाचं, परमिट मिळालं नाही तर हिरमुसू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची, गेटं मोहर्लीच्या अंगाला आहेत, अलीझंझा आणि मदनापूर कोलाऱ्याच्या अंगाला. वाघ बफरमध्येही नियमित दिसतात. दोन फेऱ्या गाभ्यात, दोन बफरमध्ये ही विभागणी चांगली.

मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं. आपल्याकडे लग्न रविवारी, सत्यनारायण सोमवारी आणि मग प्रवास, असं गणित मांडलं की नेमका मंगळवारच हाती येतो. तो दिवस पोहोचून झोपायला ठेवा, बुधवारी पहाटेपासून फेऱ्या धरा. पाचपरतावण आणि कुलदैवताचं दर्शन राहिलं असेल तर अख्खी सहल आठवडाभर पुढे ढकलावी. परमिटावर तारीख आणि नावं पक्की असतात. घरातल्या एका विधीपायी दिवस चुकला तर पैसे बुडाल्यात जमा. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंदच.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात. दोघांनीच घ्यायची तर सहाही जागांचं भाडं भरावं लागतं. महाग वाटतं, पण हनीमून पॅकेजमधला केक, पाकळ्या आणि मेणबत्त्यांचं जेवण काढायला सांगून तेच पैसे स्वतंत्र जिप्सीला लावले, तर पाणवठ्यावर हवं तेवढं थांबता येतं. शेजारच्या कुटुंबातल्या पोराला भूक लागली म्हणून गाडी हलत नाही. गाभा क्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. फोटो हवे असतील तर साधा का होईना, कॅमेरा न्या.

उन्हाळ्यात तंबू घेताना एकच प्रश्न विचारा: वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो, की फक्त दिवे आणि पंखे? दुपारी बारा ते दोन कापडी तंबूची भट्टी होते आणि सकाळच्या फेरीनंतरची तुमची झोपेची वेळ तीच. उत्तर गुळमुळीत आलं तर मे महिन्यात पक्की खोली घ्या.

प्रवास लांबचा. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण इथून थेट नागपूर गाठता येतं, पण दिवसभराहून अधिक वेळ जातो. नाहीतर मुंबईहून रात्रीची गाडी. नागपूर ते मोहर्ली अंदाजे १४० किलोमीटर, कोलारा त्याहून जवळ. आणि मासळीची सवय असलेल्यांनी मनाची तयारी ठेवावी: सावजी मटण झणझणीत आणि उत्तम, पण ताटातला मासा गोड्या पाण्यातला असतो.

काबिनी: आरामाला पहिला नंबर

लग्नाच्या धावपळीने थकलेल्या जोडप्याला चारांतलं सर्वांत सोयीचं ठिकाण हेच. नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाला लागून काबिनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. धरण १९७४ चं. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि त्यासाठी हत्तींचे कळप उतरतात. मार्च ते मे हा त्यांचा काळ. पाऊस लवकर सुरू झाला की जंगलात ठिकठिकाणी पाणी साचतं आणि कळप पांगतात.

ताडोबाशी मोठा फरक बुकिंगचा आहे. काबिनीत राहणं, तिन्ही वेळचं जेवण आणि सफारी असं एकत्र पॅकेज माणशी दराने मिळतं. सफारी मुख्यतः कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सच्या गाड्यांतून होते, खासगी रिसॉर्टचे पाहुणेही त्यातच बसतात. त्यामुळे गाडी फक्त दोघांसाठी मिळेल अशी आशा ठेवू नका आणि जंगलाचा कुठला भाग वाट्याला येईल तेही तुमच्या हातात नाही. ताडोबाच्या खोलीचा दर आणि काबिनीच्या पॅकेजचा दर शेजारी ठेवून काबिनी महाग म्हणणं चूक. ताडोबाच्या दरात परमिट, जिप्सी, गाइड आणि बहुधा जेवणही मिळवा, मग तुलना करा. काही खासगी रिसॉर्ट सफारी वेगळी लावतात, तेव्हा ‘दरात किती फेऱ्या?’ हे लेखी घ्या.

एक फेरी बोटीची मागा. पाण्यात आणि काठावर हत्ती, मगरी, पाणपक्षी दिसतात, अंगाला धक्के बसत नाहीत आणि फेरी निवांत होते. वाघ-बिबट्यासाठी जीपच लागते. काळ्या बिबट्याच्या फोटोंमुळे काबिनीचं नाव झालं, पण तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग आहे, त्याच्यावर दिवस लावू नका.

एक खबरदारी. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांच्या हल्ल्यांत माणसं दगावल्यावर कर्नाटक सरकारने नागरहोळे आणि बंदीपूरच्या सफारी थांबवल्या होत्या. असं पुन्हा झालं तर पॅकेजमधल्या सफारीचे पैसे परत मिळतील का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा.

गोव्यातल्या मोपाहून विमानाने बेंगळुरू आणि पुढे म्हैसूरमार्गे पाच तास गाडी, हा सिंधुदुर्गातल्यांसाठी सोपा मार्ग. रत्नागिरीच्या उत्तरेकडच्यांना मुंबईचं विमान बरं पडतं.

दांडेली: रजा थोडी असेल तर

सावंतवाडीहून आंबोली घाट, बेळगाव, मग दांडेली. पाचेक तासांत पोहोचता येतं, स्वतःची गाडी चालते. इथला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणजे आपल्याच सह्याद्रीचा पुढचा भाग. इथेच गोम आहे. झाडी दाट, पाणी बारमाही, त्यामुळे जनावर एका जागी येत नाही आणि आलं तरी दोन क्षणांत आड होतं. वाघ बघायचाच असेल तर दांडेली यादीतून काढा. धनेश, शेकरू, काळी नदीतलं राफ्टिंग यासाठी जायचं असेल तर खर्चाच्या मानाने उत्तम. राफ्टिंग सुपा धरणातून पाणी सोडतात त्यावर चालतं, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा.

इथे कॅम्प चुकतो तो शनिवार-रविवारी. पोहण्याचा तलाव, रेन डान्स आणि स्पीकर लावलेल्या जागांत मित्रकंपू येतात आणि मध्यरात्रीपर्यंत थांबत नाहीत. सोमवार ते गुरुवार जा. ‘ग्रुप बुकिंग घेता का?’ हे थेट विचारा. गणेशगुडीच्या बाजूला पक्षीनिरीक्षकांसाठीच्या शांत जागा आहेत, त्या आधी बघा.

मसाई मारा: कागद आधी

मारात खर्च मोठा, पण एकाच दिवसात सिंह, हत्ती, जिराफ दिसणं तिथे नवलाचं नाही. कॅम्प निवडताना एकच मोठा निर्णय असतो: राखीव क्षेत्रात राहायचं की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्रीची फेरी आणि पायी फिरणं बंद, आणि एका सिंहाभोवती वीस-वीस गाड्या उभ्या राहतात. मारा नॉर्थ, नाबोईशो, ओलारे मोतोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी मसाई लोकांच्या जमिनीवर आहेत. तिथे गाड्या मोजक्या, आणि रात्रीच्या व पायी फेऱ्यांना परवानगी असते. पैसे जास्त जातात, पण हनीमूनला एकांत हवा असेल तर ते तिथेच घालवावेत.

राखीव क्षेत्राचं शुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ऑगस्टमधले तीन दिवस म्हणजे दोघांचे १२०० डॉलर केवळ आत शिरण्याचे. पॅकेजमध्ये ही रक्कम धरली आहे का, ते आधी पाहा. वाहन लँड क्रूझर हवं. व्हॅन स्वस्त पडते, पण तिथल्या काळ्या मातीत पाऊस झाला की रुतते आणि अर्धी सकाळ ढकलण्यात जाते. नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास, छोट्या विमानाने पाऊण तास. छोट्या विमानात माणशी साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत. लग्नातली कडक सुटकेस चालत नाही.

केनियाहून परतताना भारतात यलो फीव्हरच्या लसीचा दाखला बघतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी तो लागू होतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते: मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य केंद्रांत, तळकोकणातल्यांना मुरगाव बंदराचं केंद्र जवळ. नंतर दोन-चार दिवस कणकण येऊ शकते, म्हणून ही पिवळी लस आणि हळद एकाच आठवड्यात नको. महिनाभर आधी उरका. लस जिवंत विषाणूची आहे. गरोदरपणाची शक्यता किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

रानगव्यासारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टचे लाखोंचे कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. मे महिन्यात लग्न करून सहल ऑगस्ट-सप्टेंबरवर ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं, एक अडचण सोडून. नव्या सुनेचा पहिला गणपती आणि गौरीचा ओवसा त्याच दिवसांत येतो. पंचांग उघडल्याशिवाय तिकीट काढलंत, तर सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावं लागेल.

तंबू ठरवताना

तंबू ताडोबाचा असो की माराचा, कापडातून आवाज आरपार जातो. ओळीतला टोकाचा तंबू मागा, जेवणघर आणि जनरेटरपासून लांबचा. ‘डबल बेड’ म्हणजे पुष्कळदा दोन सुट्या खाटा जोडून वर एक चादर. गादी एकसंध आहे का, विचारून घ्या. माराच्या बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसतं, अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला जायचं तर पहारेकऱ्यासोबतच.

तीन रात्रींत चार फेऱ्या पुरे. सहा घेतल्या की रोज पहाटे उठणं होतं आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलायचंही त्राण उरत नाही.

परमिट, विमान तिकीट आणि केनियाचा ई-टीए (ऑनलाइन प्रवास परवाना) तिन्ही ओळखपत्रावरच्या नावानेच काढा. आधार आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचे असतील, तर सासरकडच्यांनी हौसेने नव्या नावाने केलेलं बुकिंग गेटवर अडतं. नाव बदलायचं ते परतल्यावर. हिरवा चुडा किणकिणू नये म्हणून त्यावर पूर्ण बाहीचं सुती शर्ट घाला आणि मनगटाशी एक रबर लावा.