वॉकीटॉकी, आठ महिन्यांनंतर: पहिला शब्द कुठे जातो?

विहिरीवर मोटर, पाइप शेताच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून ही जोडी घेतली. गेल्या महिन्यात पाइपचा जोड निसटला तेव्हा मी बटण दाबून ओरडलो, "नको चालू करूस!" धाकट्या भावाला ऐकू आलं "चालू कर". त्याने स्टार्टर दाबला. सकाळपासून खणलेला चर पाच मिनिटांत बुजला.

पहिला शब्द खाणं रोजचंच होतं. सेटच खराब आहे समजून सर्व्हिस सेंटर गाठलं, तर वॉरंटीत असूनही तपासणीचे पैसे आधी मागितले. का द्यायचे? भांडून तसाच परत आणला आणि "घेऊ नका" एवढंच लिहायचं ठरवलं होतं.

मग रात्री माहितीपुस्तिका नीट वाचली आणि मत बदललं. मेनूत "बॅटरी सेव्ह" चालू होतं. ते चालू असलं की ऐकणारा सेट डुलक्या घेतो, थोड्या थोड्या वेळाने जागा होऊन कुणी बोलतंय का बघतो. त्यात आम्ही टोन लावलेला. म्हणजे बोलण्याखालून एक खोल सूर जातो, साधारण 67 ते 250 हर्ट्झमधला, आणि तो ओळखल्याशिवाय पलीकडचा स्पीकर उघडत नाही. या दोन्हींत माझं "नको" गेलं.

या टोनला "प्रायव्हसी कोड" म्हणतात ते साफ चूक आहे. त्याने दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच. त्याच चॅनेलवर टोन न लावता बसलेल्याला आपलं सगळं ऐकू जातं.

आता दोन्ही सेटवर बॅटरी सेव्ह बंद आहे. दोन दिवस पुरणारी बॅटरी रोज संध्याकाळी चार्जरला लावावी लागते, तरी परवडतं.

बाकी आवाज स्वच्छ आहे. खोक्यावरचे किलोमीटर मात्र मोकळ्या मैदानाचे समजा. ओढ्यात उतरलं की खरखर, बांधावर चढलं की लख्ख. खरखर नको म्हणून स्क्वेल्च (कमजोर सिग्नल आला तर स्पीकर बंदच ठेवणारी सेटिंग) वाढवला, तर लांबून भावाचा आवाजही बंद झाला. 3 वर ठेवलाय.

बटण दाबल्यावर मनात "एक" म्हणून मगच बोलायचं, असं ठरवलंय. "नको" हा शब्द आम्ही वापरतच नाही, "बंद, बंद" असं दोनदा म्हणतो. भाऊ ऐकलेलं परत म्हणून दाखवतो आणि माझा "हो" आल्यावरच स्टार्टरला हात लावतो.