‘बजेटमध्ये मॅच रायफल जुळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर आधी हे वाचा

पैसे गेले ताई-दाजींचे, त्यात तीस हजार माझे. रायफल उघडून बघायची वेळ मात्र माझ्यावर आली, कारण घरात टूलरूममध्ये काम करणारा मी एकटाच. म्हणून हे मी लिहितोय. सुट्या भागांतून रायफल जुळवून विकणाऱ्या त्या माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण पुण्यात मुलांना नेमबाजीला घालणाऱ्या पालकांपर्यंत त्याची पद्धत पोचायला हवी.

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे तीन स्थितींतल्या नेमबाजीचं, ब्राँझ घेतलं. कोल्हापूरकडचा मुलगा, तेव्हा नोकरी पुण्यात रेल्वेत, सराव बालेवाडीच्या रेंजवर. त्यानंतर आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरात रायफल शिरली. भाची त्याआधीपासूनच 10 मीटर एअर रायफल मारत होती, क्लबच्या रायफलवर. पण क्लबची रायफल म्हणजे चार जणांच्या उंचीला चार वेळा बदललेला चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला लागणारा भाग). स्वतःची हवी, हे तिचं म्हणणं रास्त होतं. नवी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. जॅकेट, ट्राउझर, बूट यांचा खर्च वेगळा. दाजी एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. तीन लाख कुठून आणणार?

इथेच हा माणूस येतो. रेंजवर सगळ्यांना ओळखतो, कोचना ‘सर’ आणि पालकांना ‘काका’ म्हणतो, मुलांना फुकट पेलेट (शिशाचे छर्रे) देतो. त्याचा धंदा जुळणीचा. ऍक्शन, म्हणजे पेलेट भरून सोडणारी यंत्रणा, एका जुन्या रायफलची, अॅल्युमिनियमचा स्टॉक (रायफलचा सांगाडा) दुसरीकडून, साइट (नेम धरायचा भाग) तिसरीकडून. ‘काका, एक लाख चाळीसमध्ये तीन लाखांची रायफल होते. नळी नवीन, हवेचा सिलिंडर दोन वर्षांचा. आणि पुढे ती 50 मीटरला गेली की हाच स्टॉक पॉइंट टू टूला चालतो, म्हणजे तो खर्चही वाचला.’ दाजींना हे शेवटचं वाक्य फार आवडलं. ते साफ खोटं आहे. पॉइंट टू टू म्हणजे काडतुसाची .22 रायफल. तिची ऍक्शन आणि एअर रायफलची ऍक्शन यांची बसायची जागाच वेगळी असते, शिवाय पॉइंट टू टूला शस्त्रपरवाना लागतो. एअर रायफलची नळी 4.5 मिमीची आणि सुटणाऱ्या पेलेटची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असली की ती परवान्यातून सुटते. मॅच रायफल तर साधारण साडेसात ज्यूलचीच. या सवलतीचा त्यानं काढलेला अर्थ असा, ‘लायसन्स लागत नाही म्हणजे कागदच लागत नाहीत.’ बिल मागितलं तर ‘जीएसटी लावू का मग?’ असं हसून विचारलं. साठ हजार रोख घेतले, बाकीचे यूपीआयनं, तेही दोन वेगळ्या माणसांच्या नावावर.

डेमो त्यानं स्वतःच्या फ्लॅटमध्ये दिला. हॉलच्या टोकाला टार्गेट, इकडे उशीवर टेकवलेली रायफल. पाच पेलेट मारले आणि कार्डावर एकच भोक पडलं. दाजी खूश, ताई खूश, भाचीनं मोबाइलवर सगळा प्रकार शूट केला. तो व्हिडिओ मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. त्याच्या पायापासून टार्गेटखालच्या भिंतीपर्यंत फरशा मोजता येतात. दोन बाय दोन फुटांच्या फरशा, अकरा. म्हणजे बावीस फूट. 10 मीटर म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. अंतर एक तृतीयांश कमी, म्हणजे ग्रुपही, म्हणजे भोकांचा पुंजका, त्याच प्रमाणात लहान दिसणार. त्यात पाचच शॉट. पाच शॉटचा ग्रुप दहा शॉटच्या ग्रुपपेक्षा नेहमीच देखणा दिसतो. आणि उशीवर टेकवून मारल्यावर तुम्ही-मीसुद्धा नेमबाज!

बॉक्समध्ये कंपनीचं टेस्ट कार्ड होतं. कारखान्यातून निघताना रायफल मारून बघतात आणि ते टार्गेट सिरियल नंबरसकट बॉक्समध्ये ठेवतात. हे कार्ड कलर झेरॉक्स होतं. त्यावरचा नंबर आणि ऍक्शनवरचा नंबर यांत शेवटचे तीन आकडे वेगळे. दाजींनी ते विचारलंही होतं. उत्तर मिळालं, ‘नळी बदलली ना काका, नंबर बदलणारच.’ नंबर ऍक्शनवर आहे आणि बदलली नळी. पण असं ठासून बोलणाऱ्यापुढे समोरचा माणूस गप्प बसतो, आणि हाच त्याचा खरा व्यवसाय.

मग भाचीचे आकडे घसरायला लागले. क्लबच्या रायफलवर साठ शॉटला दशांशासकट सहाशेच्या आसपास जाणारी मुलगी पाचशे ऐंशीवर आली. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग सगळ्या बाजूंनी अडीच मिलिमीटरनं वाढते. तिथे बहाण्याला जागाच नसते, त्यामुळे दोष थेट मुलीवर गेला. होल्ड (रोखलेली रायफल) हलतोय, ट्रिगर ओढतेस, परीक्षेचं टेन्शन आहे का. तिनं जॅकेटचे पट्टे आवळले, ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी) बदलला, पहाटे उठून पेलेट न मारता नुसती रायफल रोखून धरायचा सराव केला. घरी बोलेनाशी झाली. पैशापेक्षा मला याचा राग जास्त आहे.

शेवटी तिच्या कोचनीच रायफल क्लँपमध्ये लावली. रायफल शिकंज्यात पकडायची, माणसाचा हात काढून घ्यायचा आणि दहा पेलेट मारायचे. ग्रुप पडला चौदा मिलिमीटरचा. त्याच डब्यातले पेलेट क्लबच्या रायफलमधून मारले तर आठच्या आत. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, पेलेटचा वेग पाहिला, एक शॉट 162 मीटर प्रति सेकंद, पुढचा 180, मग 171. धडधाकट रायफल 170 च्या आसपास थोड्याशा फरकानं चिकटून राहते. सिलिंडरमध्ये हवा 200 बारनं भरलेली असते, ती शॉटमागून शॉट कमी होत जाते. तरी नळीत जाणारा दाब सारखा ठेवायचं काम रेग्युलेटरचं. आमच्या रेग्युलेटरची सील्स गेलेली. एवढ्या फरकानं 10 मीटरवर पेलेट तीन-चार मिलिमीटर वर-खाली जातो. म्हणजे रिंग-दीड रिंग, मुलीनं काहीही न चुकता.

नळी मी भोसरीला आमच्या टूलरूममध्ये नेली. बाहेरून दिसते ती लांब काळी नळी म्हणजे पुष्कळदा नुसतं कवच असतं, साइट पुढे न्यायला. खरी नळी आत असते. ती कवचातून काढली आणि तोंड लूपखाली (भिंगाखाली) धरलं. क्राउन, म्हणजे नळीचं शेवटचं तोंड, जिथून पेलेट सुटतो. तिथे लेथची टूल घसरल्याची तिरकी रेघ होती आणि एका खाचेच्या कडेला नखाला लागेल एवढा बर, म्हणजे धातूचा उरलेला काटा. नळी कापून पुन्हा तोंड काढलेलं होतं आणि तेही घाईघाईत. पेलेट शिशाचा, मऊ. सुटताना मागून हवा एका बाजूनं आधी निसटली की पेलेट डगमगतो. आमच्याकडे असं काम करणाऱ्या अॅप्रेंटिसला मी ते पुन्हा करायला लावलं असतं. त्या माणसानं या नळीचे पंचेचाळीस हजार लावले होते. ‘नवी जर्मन नळी’!

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. एका स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीत, ज्युरींनी सिलिंडरवरचं कार्बन फायबरसारखं दिसणारं व्हायनिल काढायला सांगितलं. हे स्टिकर त्यानं ‘गिफ्ट’ म्हणून चिकटवून दिलं होतं, वर भाचीचं नाव छापून. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानं सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षं वापरता येतो आणि तारीख बघायची जबाबदारी खेळाडूची. स्टिकर निघालं, खाली कोरलेलं वर्ष 2008. भाचीचा जन्म 2010 चा. तिच्याहून वयानं मोठा सिलिंडर, 200 बारनं भरलेला, ती रोज गालापासून हातभर अंतरावर धरत होती. त्या दिवशी क्लबचा सिलिंडर उसना लावून ती खेळली. कशी खेळली असेल ते सांगायला नको.

फोन केल्यावर तो अजिबात चिडला नाही. ‘काका, सेकंड हँड मालाला कुठे गॅरंटी असते? पण तुमच्यासाठी नवा सिलिंडर मागवतो, अठरा हजार टाका.’ ताईनं टाकले, कारण पुढची स्पर्धा तोंडावर होती. सिलिंडर आधी ‘कस्टममध्ये’ अडकला, मग ‘दिल्लीत’, मग नंबरच लागेना. हा अठरा हजारांचा डाव तो प्रत्येकाशी खेळतो, असं आता कळतंय. आम्ही विचारपूस सुरू केल्यावर आणखी दोन पालक पुढे आले. एकाकडे तर तेच टेस्ट कार्ड आहे, त्याच नंबराचं. मूळ रायफल कुणाची होती देव जाणे!

जुनी मॅच रायफल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. चांगली सांभाळलेली जुनी रायफल सर्व्हिसिंग केल्यावर वर्षानुवर्षं चालते, कितीतरी मुलं तशाच रायफलवर तयार झाली. पण सिलिंडर उघडा करून वर्ष स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, व्हायनिल, रबर, स्लीव्ह काहीही असलं तरी काढायला लावा. सिलिंडर बाद असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. डेमो घरी नाही, रेंजवर. बालेवाडीला 10 मीटर मोजून आखलेलेच आहेत. क्लँपमध्ये लावून दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप काढा, एक सिलिंडर भरल्या भरल्या आणि दुसरा बरेच शॉट झाल्यावर. थकलेला रेग्युलेटर तिथेच उघडा पडतो. विकणारा ‘क्लँपनं स्टॉक खराब होतो’ म्हणाला तर चहा पिऊन घरी या. आणि साध्या कागदावर का होईना, ऍक्शनचा नंबर, सिलिंडरचं वर्ष, पूर्ण रक्कम आणि त्याची सही. पैसे त्याच माणसाच्या खात्यावर, मेहुण्याच्या नाही.

चौकीवर आम्हाला आधी ‘हा तुमच्यातला व्यवहार’ असं ऐकायला मिळालं. वकिलांनी लेखी अर्ज करून दिला, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318(4) खाली, सोबत व्हिडिओ, दोन्ही नंबरांचे फोटो आणि क्लँपची टार्गेट्स. तेव्हा अर्ज घेतला गेला. तो नियमित हाच धंदा करतो म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं, माल ‘पाहून, मारून, पसंत करून’ घेतला. मारला कुणी, ते व्हिडिओत दिसतंच आहे.

भाची सध्या पुन्हा क्लबच्या रायफलवर आहे. ज्यांनी पुण्यात गेल्या दोन-तीन वर्षांत अशी जुळवलेली रायफल घेतली असेल त्यांनी आज सिलिंडरवरचं स्टिकर सोलून बघा. वर्ष जुनं निघालं तर तो भरू नका, आणि टेस्ट कार्डाचा फोटो जपून ठेवा. आयोगापुढची पुढची तारीख जवळ आली आहे, आणि एकाच नंबराची दोनाऐवजी तीन कार्डं तिथे शेजारी शेजारी ठेवता आली तर आम्हाला हवीच आहेत.