फॉस्टर की व्हेनेबल्स : मुलांच्या संघाला कोणाचा बचाव शिकवावा?

अमेरिकेत, शार्लटमध्ये, मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे काम अंगावर घेणाऱ्या प्रत्येक पालकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो, कारण आमचे शहर महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या दोन मोठ्या बचाव-परंपरांच्या मध्ये वसले आहे. एका बाजूला दोन-अडीच तासांवर क्लेम्सन विद्यापीठ आहे आणि दुसऱ्या बाजूला पावणेतीन-तीन तासांवर ब्लॅक्सबर्ग, म्हणजे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे गाव. आमच्या मराठी मंडळींपैकी दोघांनी यंदा बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या संघाचा बचाव सांभाळायचे मान्य केले आहे. क्लेम्सनचा बचाव घडवणारे प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स आणि व्हर्जिनिया टेकचा घडवणारे बड फॉस्टर यांपैकी कोणाच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघत बसावे, असे दोघांनीही मला स्वतंत्रपणे विचारले. मी पहिले दोन हंगाम व्हेनेबल्स यांच्या वाटेने गेलो आणि त्यानंतरचे तीन फॉस्टर यांच्या वाटेने, त्यामुळे जे सांगतो आहे ते करून पाहिलेले आहे. अर्थात आमच्या संघाला जे मानवले ते तुमच्या संघाला मानवेलच असे नाही.

ज्याला निव्वळ कर्तृत्व तोलायचे आहे, त्याला पारडे व्हेनेबल्स यांच्याकडे झुकलेले दिसेल आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. कॅन्सस स्टेटमध्ये बिल स्नायडर यांच्या हाताखाली ते लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीत, खेळले आणि तिथेच प्रशिक्षक झाले. १९९९ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांच्याबरोबर ओक्लाहोमाला गेले आणि दुसऱ्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. तो अंतिम सामना म्हणजे ऑरेंज बोल (हंगामअखेरच्या मोठ्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात), आणि त्यात फ्लोरिडा स्टेटच्या आक्रमणाला एकही गुण मिळवता आला नाही. १३-२ या निकालातले ते दोन गुणसुद्धा ओक्लाहोमाचा पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडण्याचा डाव, चुकल्यामुळे गेले होते. पुढे जानेवारी २०१२ मध्ये क्लेम्सनने त्याच ऑरेंज बोलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाकडून ७० गुण खाल्ले, आणि त्या नामुष्कीनंतर मुख्य प्रशिक्षक डॅबो स्वीनी यांनी बचाव व्हेनेबल्स यांच्या हाती दिला. तिसऱ्याच हंगामात, म्हणजे २०१४ मध्ये, समोरच्याला सर्वांत कमी यार्ड पुढे सरकू देणारा संघ म्हणून क्लेम्सन देशात पहिला आला. २०१६ आणि २०१८ या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपदे आली, तीही दोन्ही वेळा अलाबामाला हरवून. २०१८ च्या त्या संघाने पंधरापैकी पंधरा सामने जिंकले, आणि त्याच्या आघाडीच्या फळीतले क्लेलिन फेरेल, ख्रिश्चन विल्किन्स आणि डेक्स्टर लॉरेन्स हे तिघेही पुढच्या ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्याच फेरीत निवडले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक म्हणून ओक्लाहोमाला परतले.

फॉस्टर यांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नाही. १९९९ च्या हंगामात व्हर्जिनिया टेक एकही सामना न हरता शुगर बोलपर्यंत पोहोचला, राष्ट्रीय विजेतेपदाच्या त्या अंतिम सामन्यात तिसरा चतुर्थांश संपताना एका गुणाने पुढेही होता, आणि तरीही फ्लोरिडा स्टेटने तो सामना ४६-२९ असा नेला. तिथपर्यंत संघाला आणले होते ते बचावाने. त्या वर्षी सर्वांत कमी गुण देणारा संघ तोच होता, आणि त्याचा बचावपटू कोरी मूर याला लोंबार्डी व नागुर्स्की हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. फॉस्टर यांची सगळी कारकीर्द मात्र एकाच माणसाच्या आणि एकाच मैदानाच्या सोबतीने घडली. मरे स्टेटमध्ये ते प्रशिक्षक फ्रँक बीमर यांचे खेळाडू होते, १९८७ मध्ये त्यांच्याबरोबर ब्लॅक्सबर्गला आले, १९९५ पासून बचावाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि २०१९ चा हंगाम संपवून ते तिथूनच निवृत्त झाले. तेहतीस वर्षे! त्या काळात मोठमोठ्या पगाराचे प्रशिक्षक दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलत होते. सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार फॉस्टर यांना २००६ मध्ये मिळाला आणि व्हेनेबल्स यांना २०१६ मध्ये, त्यामुळे या क्षेत्रातल्या जाणकारांनी दोघांनाही एकाच रांगेत बसवले आहे असे मानायला हरकत नाही.

मग मी एकाला सोडून दुसऱ्याकडे का वळलो? कारण एकच आहे आणि ते ऐकायला कदाचित किरकोळ वाटेल. ते कारण म्हणजे माना वळणे.

व्हेनेबल्स यांच्या बचावाची ताकद शेवटच्या काही सेकंदांत असते. समोरचा संघ रचना लावतो, ती पाहून कडेला उभे असलेले प्रशिक्षक हातवाऱ्यांनी खुणा करतात, अकराही खेळाडू त्या वाचतात आणि चेंडू सुटायच्या आत सगळा डाव पालटतो. क्लेम्सनच्या कडेला हे दृश्य बघण्यासारखे असे. व्हेनेबल्स स्वतः इतके भान हरपून पुढे येत, की त्यांचा पट्टा धरून त्यांना मागे खेचायला एक सहकारी नेमावा लागला होता. त्या उत्कटतेने मी भारावून गेलो होतो. मी आमच्या मुलांसाठी नऊ खुणा तयार केल्या, त्या घरी पाठ करून घेतल्या, आणि मुलांनी त्या मनापासून पाठ केल्याही.

आमच्या बाकाच्या मागे बसून एक आई प्रत्येक सामन्याचे चित्रण करत असे. त्या बाजूने खरे तर आमच्या मुलांच्या पाठीवरचे आकडे किंवा खांदे दिसायला हवेत, पण तिच्या चित्रणात चेंडू सुटण्याच्या आधी कॅमेऱ्याकडे रोखलेल्या हेल्मेटच्या जाळ्या दिसत, कधी तीन, कधी पाच. ती सगळी मुले माझ्याकडे बघत असत. मी त्यांची मोजदाद ठेवली नाही, पण हे एकदा डोळ्यांत भरल्यावर मला दुसरे काही दिसेना.

दुसऱ्या हंगामात ऑक्टोबरमध्ये एक सामना होता. शेवटच्या चतुर्थांशात समोरच्या संघाने तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, एकाच बाजूला लावले. मी डावी मूठ वर केली आणि कोपराला हात लावला. रिसीव्हरला अडवणाऱ्या आमच्या कॉर्नरबॅकने, जो अतिशय शिस्तीचा आणि काळजीपूर्वक खेळणारा मुलगा होता, माझ्याकडे वळून पाहिले आणि मान डोलावली. त्याने मान परत फिरवली तोवर चेंडू सुटला होता आणि त्याचा माणूस त्याच्या खांद्यामागून निघून गेला होता. टचडाउन झाला. सामना संपल्यावर गाडीपाशी तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘काका, मी तुमची खूण बरोबर ओळखली होती ना?’ त्याने ती अगदी बरोबर ओळखली होती. मी त्याला तसे सांगितले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

क्लेम्सनच्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना खूण वाचून चेंडूकडे परत वळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्या बारा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, आणि जमावे अशी अपेक्षा करणेही मला आता बरोबर वाटत नाही. हा दोष व्हेनेबल्स यांच्या पद्धतीचा नाही, ती मी ज्या वयाला लावली त्या वयाचा आहे. पण निवड करणाऱ्याला वयाचा विचार टाळता येत नाही.

फॉस्टर यांच्या चित्रफिती पुन्हा पाहायला घेतल्या तेव्हा मी फक्त हेल्मेट कुठे वळतात एवढेच पाहत होतो. त्यांच्या बचावातही बदल आहेत, सापळे आहेत आणि ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसे पुढे घुसवणे, तर भरपूर आहे. पण त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो : आठ माणसे पुढे आणून धाव अडवायची, कॉर्नरबॅकने आपला माणूस एकट्याने सांभाळायचा, आणि ‘व्हिप’ व ‘रोव्हर’ या दोन मधल्या जागांवर अंगाने चपळ आणि डोक्याने शांत मुले उभी करायची. कोणी कुठे बघायचे हे जागेनुसार ठरलेले असते. आम्ही तेवढेच उचलले. नऊ खुणांच्या तीन केल्या, आणि समोरचा संघ रांगेत उभा राहण्याआधीच सांगून मोकळे होऊ लागलो. त्यानंतर आमच्याकडून बदल होत नाही. कधीकधी चुकीचा डाव तसाच राहतो आणि आम्हांला त्याची किंमत मोजावी लागते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मुलांचे डोळे चेंडूवर असतात. डाव चुकला तरी मुलगा धावत असतो, आणि माझ्या अनुभवात धावणाऱ्या मुलाच्या हातून निम्म्या चुका आपोआप भरून निघतात.

दुसरी गोष्ट डब्याची. १९९५ पासून फॉस्टर यांच्या खेळाडूंनी कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा एक जुना, पोचे पडलेला जेवणाचा डबा आपले चिन्ह म्हणून जपला. हंगामाची उद्दिष्टे लिहिलेला कागद त्यात ठेवायचा, आणि तो डबा घेऊन जाण्याचा मान ज्याने घाम गाळला त्याला द्यायचा, अशी ती रीत. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती. त्यानंतरच्या हंगामात त्या ३२ जणांची स्मृती या डब्याशी जोडली गेली, आणि त्या वर्षी संघाने आपल्या परिषदेचे, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाचे, विजेतेपद मिळवले. आमच्या मुलांसाठी मी भारतीय दुकानातून कडीचा साधा स्टीलचा डबा आणला. त्याचा अर्थ मराठी मुलांना समजावून सांगावा लागला नाही, कारण घरातले कोणीतरी रोज सकाळी डबा घेऊन कामाला जाते हे त्यांनी पाहिलेले आहे. व्हेनेबल्स यांचा आवेश मला त्यांच्यापर्यंत असा पोहोचवता आला नव्हता.

फॉस्टर यांची पडती बाजू लपवून निवड करायला सांगणे योग्य होणार नाही. कॉर्नरबॅकला एकटे सोडणारा बचाव त्या जागेवर अनुभवी खेळाडू नसला की उघडा पडतो. २०१८ मध्ये तसेच झाले. ओल्ड डोमिनियनसारख्या लहान संघाने त्यांच्यावर ४९ गुण चढवले आणि पिट्सबर्गने ५२. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेक आणि पिट्सबर्ग यांना लागोपाठ शून्यावर रोखून त्यांनी आपला हात अजून गेलेला नाही हे दाखवले, पण निरोपाचा सामना मनासारखा झाला नाही. तो बेल्क बोल इथेच शार्लटमध्ये ३१ डिसेंबर २०१९ रोजी झाला, आणि मी मुलाला घेऊन गेलो होतो. समोर केंटकी, म्हणजे फॉस्टर यांचे जन्मराज्य. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या व पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळणाऱ्या लिन बोडेनने धावत २३३ यार्ड काढले, आणि अवघी पंधरा सेकंद उरलेली असताना त्यानेच पास देऊन सामना फिरवला. आठ माणसे पुढे उभी करणाऱ्या बचावाला धावणाऱ्या क्वार्टरबॅकने असे चिरत जावे, हे पाहणे जड गेले. तुमच्या गटात असा क्वार्टरबॅक असलेला संघ असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तेव्हा, तुमची मुले पंधरा-सोळा वर्षांची असतील, आठवड्यातून चार दिवस सराव होत असेल आणि वरच्या बाजूला बसून समोरची रचना वाचणारा दुसरा प्रशिक्षक तुमच्या मदतीला असेल, तर व्हेनेबल्स यांचा मार्ग तुम्हांला अधिक देऊ शकेल असे मला वाटते. त्यासाठी २०१६ च्या हंगामातला फिएस्टा बोल पाहावा, ज्यात ओहायो स्टेटला ३१-० असे गप्प बसवले. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांच्याकडे दोन संध्याकाळी, एक शिट्टी आणि बारा वर्षांची मुले आहेत त्यांनी, ६ सप्टेंबर २०१४ चा सामना आधी लावावा असे मी सुचवेन. त्याच ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर फॉस्टर यांनी समोरच्या आघाडीच्या फळीतल्या प्रत्येक माणसापुढे आपला माणूस उभा केला, मागे कोणाला राखीव ठेवले नाही, आणि नवख्या क्वार्टरबॅकला फेकून दाखव म्हणून आव्हान दिले. त्याला सात वेळा सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले, तीन पास पळवले आणि सामना ३५-२१ असा जिंकला. ओहायो स्टेट त्या हंगामात पुन्हा हरला नाही आणि राष्ट्रीय विजेताही झाला. पहिल्यांदा बघताना गुणफलकाकडे लक्ष देऊ नये. चेंडू सुटण्याच्या क्षणी व्हर्जिनिया टेकच्या मुलांची हेल्मेट कुठे वळलेली आहेत, एवढेच बघावे.